शब्दच्छल आणि शब्दांचा छळ

गेल्या वर्षी एम. ए. च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने कोशवाङ्मयाच्या प्रकल्पासाठी एक वही सादर केली. चाळीस पानांची, हाताने लिहिलेली. आई, आजी, आत्या, शेजारीण, बसथांब्यावरचे अनोळखी पुरुष यांनी तिला उद्देशून, किंवा तिच्यादेखत दुसऱ्या एखाद्या बाईला उद्देशून वापरलेले शब्द तिने एकेका पानावर मांडले होते. वर शब्द, त्याखाली तो कोणी, कुठे, कोणत्या निमित्ताने उच्चारला याची नोंद, मग कोशातला अर्थ आणि सर्वांत खाली तिने स्वतः दिलेला 'दुरुस्त अर्थ'. 'आगाऊ' या शब्दाच्या पानावर दुरुस्त अर्थ होता : 'वेळेच्या आधी पोचलेली. आगाऊ रक्कम सगळ्यांना हवी असते, आगाऊ मुलगी कोणालाच नको असते.' 'घोडनवरी'च्या पानावर : 'वरातीतल्या घोड्यावर स्वतः बसलेली नवरी. नवरा चालत येत आहे.'

बहिःस्थ परीक्षकांनी वहीच्या शेवटी लाल शाईने एकच ओळ लिहिली : 'हा शब्दच्छल आहे, अभ्यास नव्हे.' आणि त्या शेऱ्याला शोभतील इतकेच गुण दिले. तोंडी परीक्षेत मुलीने विचारले, 'सर, छल आणि छळ हा मुळात एकच शब्द ना?' सरांनी पुढचा प्रश्न विचारला.

मी त्या खोलीत होते आणि गप्प बसले, हे आधीच कबूल करते. परीक्षक वयाने, अधिकाराने मोठे, माणूस सज्जन, व्यासंगाबद्दल शंका नाही. पण गप्प बसण्याचे खरे कारण वेगळे होते. त्यांचा शेरा मला निम्मा पटला होता. अशा वह्या वाचताना हसू येते, आणि ज्याने हसू येते तो अभ्यास नव्हे असे आपल्यावर इतके बिंबलेले आहे की, मुलीच्या बाजूने बोलायचे तर नेमके काय बोलायचे हेच मला त्या क्षणी सुचले नाही. पुढचे लिखाण म्हणजे तेव्हा न दिलेले उत्तर आहे. ते एका व्यक्तीला नाही. स्त्रियांनी शब्दांशी चालवलेल्या खेळाला 'पोरकटपणा' म्हणून बाजूला सारणाऱ्या आपल्या सगळ्या प्राध्यापकी सवयीला आहे.

शेऱ्यातला पारिभाषिक शब्द आधी तपासू. 'छल' ही न्यायशास्त्राची संज्ञा आहे. बोलणाऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या शब्दावर लादून त्याला खोडून काढणे म्हणजे छल. भाष्यकार वात्स्यायनांचे 'नवकंबल' हे उदाहरण प्रसिद्ध आहे : बोलणारा म्हणतो, याच्याजवळ नवे कांबळे आहे, ऐकणारा 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन विचारतो, नऊ कांबळी कुठे आहेत? या व्याख्येनुसार परीक्षकांचे निदान अचूक आहे. 'आगाऊ' म्हणणाऱ्या आत्याला 'वेळेच्या आधी पोचलेली' हा अर्थ मुळीच अभिप्रेत नव्हता. मुलीने छलच केला.

पण शास्त्राचा आधार घ्यायचा तर तो पुरता घ्यावा. छल हा दोष ठरतो तो 'वादा'त, म्हणजे दोन्ही पक्ष सत्यशोधनासाठी बसलेले असतात तिथे. शिवी हा वाद नव्हे. तिच्यात पक्ष नसतो, हेतू नसतो, दृष्टान्त नसतो. असते ती फक्त फेकण्याची क्रिया. जिथे समोरच्याने वादाचा एकही नियम पाळलेला नाही, तिथे त्याच्या 'अभिप्रेत अर्था'ची राखण करण्याचे दायित्व ऐकणारीवर कसे येते? न्यायसूत्रांनी जल्पात छलाला मुभा दिली आहे. आणि जल्प-वितंडेचे समर्थन करताना सूत्रकारांनी दिलेली उपमा तर आपण सगळ्यांनी वर्गात सांगावी अशी आहे : कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी शेतकरी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतो, तसा त्यांचा उपयोग तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी. विद्यार्थिनीची वही हे असे कुंपण आहे. काटे दिसले म्हणून आत अंकुर नाही असे समजायचे कारण नाही.

हे झाले बचावाचे. आता थोडे आरोपाचे. शब्दांची हवी तशी फोड करून त्यांतून हवा तो अर्थ काढण्याचा खेळ स्त्रियांनी सुरू केला, हा समजच मुळात चुकीचा आहे. हा खेळ शतकानुशतके पुरुष पंडितांनी खेळला आहे, आणि आपण त्याला अभ्यास म्हणत आलो आहोत.

यास्काचे निरुक्त घ्या. 'दुहिता' शब्दाची तिथे एकाहून अधिक निर्वचने दिली आहेत : जिचे हित करणे कठीण ती, दूर ठेवलेली बरी ती, किंवा दोहन करणारी ती. 'स्त्री' शब्दाचे निर्वचन लज्जेचा अर्थ असलेल्या धातूवरून केले आहे. आज भाषाशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल की, 'दुहिता'ला इंग्रजीत, जर्मनमध्ये, फारसीत सख्ख्या बहिणी आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही बहिणीत 'दूर' किंवा 'हित' यांचा मागमूस नाही. म्हणजे 'दूर ठेवलेली बरी' हे निर्वचन भाषेने दिलेले नाही. मुलगी परक्याचे धन मानणाऱ्या समाजाने दिलेले आहे. यास्काला मी दोष देत नाही. निर्वचनाची ती पद्धतच आहे, आणि एकाच शब्दाचे अनेक अर्थ शेजारीशेजारी ठेवण्याचे तिचे औदार्य मला आवडते. मुद्दा इतकाच की, 'दूर ठेवलेली बरी' हा श्लेष आपण परंपरा म्हणून शिकवतो आणि 'वेळेच्या आधी पोचलेली' या श्लेषाचे गुण कापतो.

युरोपात हाच खेळ जिवावर बेतला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, १४८६-८७च्या सुमारास, चेटकिणींचा शोध आणि खटले कसे चालवावेत याचे मार्गदर्शन करणारा 'मॅलियस मॅलेफिकारम' हा लॅटिन ग्रंथ निघाला. चेटूक करण्याकडे स्त्रियांचाच ओढा अधिक का, याचे एक प्रमाण म्हणून त्यात 'फेमिना' या लॅटिन शब्दाची फोड दिली आहे : 'फे' म्हणजे श्रद्धा, 'मिनुस' म्हणजे उणी, म्हणून जिची श्रद्धा उणी ती फेमिना. व्युत्पत्ती म्हणून हे धडधडीत खोटे आहे. पण हा ग्रंथ पुढची दोन शतके पुन्हा पुन्हा छापला गेला, आणि ज्या खटल्यांमध्ये तो हाताशी होता त्यांत बायका जाळल्या गेल्या. शब्दांचा खेळ निरुपद्रवी असतो असे मानणाऱ्यांनी हे एक पान जरूर डोळ्यांसमोर ठेवावे.

अमेरिकेतल्या मेरी डॅली (१९२८-२०१०) यांनी जो कोश रचला तो या पानाला दिलेले उत्तर म्हणून वाचला पाहिजे. डॅली मूळच्या धर्मशास्त्राच्या विदुषी; बॉस्टन कॉलेज या जेझुइट संस्थेत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ शिकवले. मध्ययुगीन लॅटिन आणि चर्चची पंडिती त्यांच्या हाडात मुरलेली होती, आणि म्हणूनच त्या पंडितीची नक्कल त्यांना साधली. १९७८ साली त्यांचे 'गाइन/इकॉलॉजी' आले आणि १९८७ साली जेन कॅप्युटी यांच्यासह रचलेला 'विकेडरी'. 'डिक्शनरी'तली 'डिक्शन' काढून तिथे 'विकेड', म्हणजे दुष्ट, बसवलेला कोश. त्याच्या पूर्ण नावात 'वेब्स्टर' हे नावही आहे, कारण अमेरिकेत वेब्स्टर म्हणजे शब्दकोश हे समीकरण आहे. पण 'वेब्स्टर' हा शब्द जुन्या इंग्रजीत विणकर स्त्रीचा वाचक होता. 'स्टर' हा तिथला स्त्रीलिंगी प्रत्यय. म्हणजे इंग्रजी कोशाच्या सर्वांत भारदस्त नावात एक विणकरीण लपलेली होती. डॅलींनी तिला फक्त हाक मारली.

'स्पिन्स्टर'चेही तसेच. मूळ अर्थ सूत कातणारी. पुढे तो कायद्याच्या कागदपत्रांत अविवाहित स्त्रीचे उपपद झाला आणि मग हिणवण्याचा शब्द. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून विवाहनोंदीतून तो वगळला गेला. डॅलींनी तो वगळला नाही, उचलला. कातणे, फिरणे, गिरकी घेणे हे सारे अर्थ त्यात परत भरले आणि स्वतःच्या गिरकीत रमलेली, स्वतःची स्वतः असलेली स्त्री असा त्याचा विस्तार केला. 'हॅगार्ड' हा ओढलेल्या, विटलेल्या चेहऱ्याचा वाचक शब्द मुळात बहिरीससाण्यांच्या शिकारविद्येतला : माणसाळायला नकार देणारा रानटी ससाणा. कुरूप म्हातारीला हिणवणाऱ्या 'हॅग' या शब्दाशी त्याची सांगड घालून डॅलींनी म्हातारीला पुन्हा पंख दिले.

इथे एक फरक नोंदवायला हवा. डॅलींच्या कोशात दोन तऱ्हेच्या नोंदी आहेत. काहींत खरी व्युत्पत्ती उकरून काढलेली आहे, तर काही निव्वळ श्लेष आहेत. टीकाकार दुसऱ्या प्रकारावर बोट ठेवून सगळा कोश निकालात काढतात. माझ्या मते त्या दोन्हींची कामे वेगळी आहेत. खरी व्युत्पत्ती सांगते की, हा शब्द नेहमीच शिवी नव्हता; कोणीतरी, कधीतरी, काही कारणाने त्याची शिवी केली. श्लेष सांगतो की, अर्थ बदलण्याचा अधिकार त्या 'कोणीतरी'पाशीच संपलेला नाही. पहिल्यावाचून दुसरा हवेत राहतो. दुसऱ्यावाचून पहिली संग्रहालयात.

आपल्या मराठीत या दोन्हींना तोटा नाही. 'सटवी' या शब्दाकडे पाहा. बाईला दिलेली ही अस्सल घरगुती शिवी. पण सटवी म्हणजे षष्ठी. बाळाच्या जन्मानंतरच्या सहाव्या रात्री येऊन त्याच्या कपाळी नशीब लिहिणारी देवता. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत कित्येक घरांत होती. म्हणजे ज्या समाजाने बायकांच्या हाती लेखणी दिली नाही, त्याच्या लोकदैवतांत एक लिहिणारी बाई होती, आणि तिचेच नाव पुढे शिवी झाले. वहीत या शब्दाचा दुरुस्त अर्थ होता : 'जिने लिहिलेले कोणाला खोडता येत नाही अशी.' यात श्लेष कुठे आहे? ही तर शुद्ध व्युत्पत्ती आहे; फक्त ती शिवी देणाराच्या तोंडावर वाचून दाखवलेली आहे.

'भवानी' दुसरी. तुळजापुरात तिच्यापुढे लोटांगण आणि घरी 'कुठे उलथली होती ही भवानी?' दुकानदाराची दिवसातली पहिली विक्री तीही भवानीच. 'जखीण' ही यक्षिणीची पडझड, 'डाकीण' ही वज्रयानातल्या पूज्य डाकिनीची. 'रांड' या शब्दाचा मूळ अर्थ विधवा. 'रंडकी', 'रांडमुंड' हे शब्द अजून त्याची साक्ष देतात. नवरा मेलेली बाई या अर्थावरून विकाऊ बाई या अर्थावर हा शब्द ज्या वाटेने गेला, ती वाट म्हणजे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे एक संपूर्ण प्रकरण आहे. आपल्या अभ्यासक्रमांत ते नाही. शिष्टाचार म्हणून आपण तो शब्द वर्गात उच्चारतही नाही. रस्त्यावर मात्र तो रोज शिकवला जातो.

आणि हे पाश्चात्त्य वारे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आपलेच जुने ग्रंथ पुन्हा उघडावेत. जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका सुप्रसिद्ध अभंगात पदर ढळल्याची पर्वा न करता भरल्या बाजारात जायला निघालेली जनी विठ्ठलासाठी स्वतःला 'वेसवा' म्हणवून घेते. गावाने द्यायची शिवी तिने गावाच्या आधी उच्चारून टाकली. आता गावाकडे फेकायला काय उरले? १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले होते, त्याने पेटून उठून. स्त्रियांवर लादलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषाच्या अंगाला लावून पाहायचा, ही त्या पुस्तकाची रचनाच आहे. तो मापाने बरोबर बसतो, हा त्यातला विनोद आणि हाच त्यातला संताप. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने रंगमंचावर आणलेल्या ज्योती म्हापसेकर यांच्या नाटकाचे नाव 'मुलगी झाली हो' असे आहे. पडलेल्या चेहऱ्याने सांगायचे वाक्य तिथे दवंडीसारखे गर्जते. कविता महाजन यांच्या २००५ च्या कादंबरीचे नाव 'ब्र'. जो काढायचा नाही असे बाईला बजावलेले असते, तोच मुखपृष्ठावर. या सगळ्यांना शब्दच्छल म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे. मग मराठी साहित्याच्या इतिहासातून किती पाने फाडावी लागतील त्याचा हिशेबही मांडावा.

आतापर्यंत ज्यांच्याशी भांडले ते विरोधक. आता भांडण मित्रांशी.

अपमानकारक शब्दांवर सरकारी आणि सुसंस्कृत उपाय एकच असतो : शब्द बदलणे. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव विभागापुढे ठेवला. टीका झाली, तेव्हा निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. हेतू चांगला होता असे धरून चालू. पण 'गं. भा.' हे काही नवे नाव नव्हे, लग्नपत्रिकांत 'सौ.'पासून वेगळी काढण्यासाठी विधवेच्या नावामागे पिढ्यान्‌पिढ्या लावलेली ती चिठ्ठी आहे. शब्द पवित्र झाला, बाई होती तिथेच राहिली. उलट आता तिची ओळख दोन नद्यांना मिळून वाहावी लागणार. याउलट १९८०च्या दशकात परित्यक्तांच्या चळवळीत 'टाकलेल्या स्त्रिया' हा रांगडा शब्दप्रयोग वापरात राहिला. व्याकरणाच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे लक्ष द्यावे. 'टाकलेली' हे कर्मार्थी धातुसाधित आहे. ते उच्चारले की वाक्यात रिकाम्या राहिलेल्या कर्त्याच्या जागेकडे बोट जाते. कोणी टाकलेली? 'गंगा भागीरथी'त असा प्रश्नच उद्भवत नाही. नद्यांना कोणी टाकत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगभावविषयक साचेबंद शब्दांबाबत न्यायाधीशांसाठी हस्तपुस्तिका काढली. निकालपत्रांत कोणते शब्द टाळावेत आणि त्यांऐवजी कोणते वापरावेत याची यादी तीत आहे. ते योग्यच झाले. न्यायालयाच्या शब्दाला शिक्षा करण्याचा अधिकार असतो, त्यामुळे त्याने शब्द जपूनच वापरले पाहिजेत. पण न्यायालयाचे काम शब्द टाळण्याचे, साहित्याचे काम टाळलेल्या शब्दाला प्रश्न विचारण्याचे. शिवी निकालपत्रातून गेली म्हणून ओट्यावरून जात नाही. ती तिथून जाते ती ज्या बाईला ती दिली त्या बाईने तिचा ताबा घेतल्यावर.

ताबा घेणे म्हणजे काय, याचा सर्वांत मोठा धडा मराठीला स्त्रीवादाने नव्हे, दलित चळवळीने दिला आहे. 'हरिजन' हे वरून दिलेले गोड नाव होते. ते नाकारून, दडपलेपणाची जखम उघडी ठेवणारा 'दलित' हा शब्द १९७२ साली दलित पँथरने आपल्या नावातच मिरवला, आणि त्याचा अर्थ भूमिहीन, कष्टकरी, स्त्रिया इथपर्यंत रुंदावला. इंग्लंडमध्ये १९०६ साली 'डेली मेल'ने मताधिकार मागणाऱ्या बायकांना हिणवण्यासाठी 'सफ्रजेट' असा लघुत्वदर्शक शब्द घडवला. १९१२ साली त्या बायकांनी आपल्या वृत्तपत्राला तेच नाव दिले. आज त्या शब्दातले हिणवणे शोधायला कोश उघडावा लागतो.

दलित चळवळीचे नाव घेतल्यावर एक अवघड गोष्ट बोलावी लागते. कोणता शब्द कोणी उचलावा? २०११ साली टोरांटोत एका पोलिसाने विद्यार्थिनींना कपड्यांवरून सल्ला देताना वापरलेल्या शिवीवरून 'स्लटवॉक' निघाला. त्याच वर्षी दिल्लीत तो 'बेशर्मी मोर्चा' होऊन आला. नाव बदलले हे शहाणपणाचे होते; 'बेशरम' हा शब्द आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मुलीने ऐकलेला असतो. पण अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांनी त्याच वर्षी एका खुल्या पत्रात म्हटले की, गुलामगिरीपासून आमच्या शरीरांवर कोरलेला हा शब्द आम्हांला अंगावर मिरवता येत नाही. त्याही आधी, १९७९ साली, ऑड्री लॉर्ड यांनी मेरी डॅलींना पत्र लिहून विचारले होते की, तुमच्या पुस्तकातल्या देवता गोऱ्याच का, आणि काळ्या स्त्रिया आल्या तर फक्त बळी म्हणूनच का? हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. याच पुस्तकात डॅली भारतातल्या सतीवर लिहितात तेव्हा कॅथरीन मेयोच्या 'मदर इंडिया'ची (१९२७) वाखाणणी करतात. इंग्रजी शब्दांच्या तळाशी जाणारी ही विदुषी आपल्याकडे आली की वसाहतवादी पुस्तकाच्या काठावरच थांबते. उमा नारायण यांनी १९९७ साली त्याचा सविस्तर समाचार घेतला आहे. डॅलींकडून पद्धत घ्यावी, त्यांचे आंधळे कोपरे घेऊ नयेत.

आपला आंधळा कोपरा जातीचा आहे. 'मुरळी', 'जोगतीण' आणि 'बाजारबसवी'तली 'बसवी' हे देवाला सोडलेल्या मुलींचे वाचक शब्द आहेत, आणि त्या मुली कोणत्या जातींतून सोडल्या जात हे सर्वांना ठाऊक आहे. पेशवाईच्या दफ्तरांत 'कुणबीण' हा शब्द विकत घेतलेल्या दासीसाठी येतो. हे शब्द माझ्यासारखीने गमतीने स्वतःला लावून घेतले तर मला काय किंमत पडते? काहीच नाही. ज्याची किंमत पडत नाही तो ताबा नव्हे, उसनवारी. १९६८ साली न्यूयॉर्कच्या बायका टोकदार टोप्या घालून स्वतःला चेटकिणी म्हणवत वॉल स्ट्रीटवर नाचू शकल्या, कारण त्यांच्या शहरात चेटकीण म्हणून कोणी कोणाला मारत नव्हते. सातपुड्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही 'डाकीण' ठरवलेल्या बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. तिथे पुण्या-मुंबईहून डाकिनीची व्युत्पत्ती पाठवून भागणार नाही. आधी त्या बाईचा जीव वाचवायचा. शब्दाचे काय करायचे ते ती ठरवील.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. शब्द तुमच्या अंगावर आलेला असावा, आणि तुम्ही तो परतवल्यावर फेकणाराच्या हाती तो पूर्वीसारखा बसू नये. या कसोटीवर आपल्या पुष्कळ गमती नापास होतात. निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देणारे महिलांचे मोर्चे उदाहरणार्थ. त्या मोर्चात बांगड्या भरलेलेच हात लढत असतात आणि तेच हात सांगत असतात की बांगडी म्हणजे नामर्दपणा. हा छल स्वतःवरच उलटलेला आहे.

विद्यार्थिनीची वही मात्र या कसोटीवर उतरते. प्रत्येक पानावर 'कोणी, कुठे' ही नोंद होती. म्हणजे तिने उसना शब्द एकही घेतला नव्हता. आणि परीक्षकांनी जिला पोरकटपणा म्हटले त्या दुरुस्त अर्थांचा परिणाम निदान माझ्यावर तरी झाला आहे. परवा वर्गात एका मुलाने मागच्या बाकावरून 'फार आगाऊ आहे ती' असे म्हटले आणि अख्ख्या वर्गातल्या मुली हसल्या. त्या मुलाला कळेना, आपले चुकले काय. वही वर्गात फिरली होती.

तोंडी परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर, उशिरा का होईना, देते : हो, छल आणि छळ हा मुळात एकच शब्द आहे. संस्कृतात कपट, मराठीत यातना. तू केलास तो पहिला; तुझ्या वाट्याला आला तो दुसरा. आपल्या विभागातल्या पुढच्या वर्षीच्या प्रकल्पांत अशा वह्यांना जागा असावी, असा लेखी प्रस्ताव मी अभ्यास मंडळापुढे ठेवला आहे, आणि या वेळी मी गप्प बसणार नाही.

वहीच्या चाळिसाव्या पानावर 'स्त्रीवादी' हा शब्द होता. कोणी उच्चारला : महाविद्यालयातले एक प्राध्यापक. निमित्त : वर्गात प्रश्न विचारला. प्रचलित अर्थ : भांडखोर. दुरुस्त अर्थ तिने कोर्टाच्या भाषेत दिला होता : 'जिथे स्त्री वादी असते असा खटला. आजवरच्या सर्व खटल्यांत ती प्रतिवादी होती.'